लेकीच्या हातचा ठेका

वारकरी संप्रदायात वयाचा मान वेगळा आणि अधिकाराचा मान वेगळा. दिंडीत एखादे मूल पाया पडले, तर ८० वर्षांचा टाळकरीही वाकून त्याच्या पायांना हात लावतो, त्याला ‘माउली’ म्हणतो. परंपरा सांगते, की १४०० वर्षांचे योगी चांगदेव कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईंचे शिष्य झाले. कीर्तनात हे ऐकताना आपण माना डोलावतो. मात्र घरातल्या लेकराकडून काही शिकायचे म्हटले, की आपले वडीलपण आडवे येते.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. गेल्या वर्षी गावच्या सप्ताहात हरिपाठ संपल्यावर ती थेट पखवाज वाजवणाऱ्या बुवांपुढे जाऊन बसली. म्हणाली, “बुवा, मला हे शिकवा.” आमच्या घरात कधी कोणी पखवाजाला हात लावलेला नाही. शाईची बाजू आणि कणकेची बाजू, दोन्हींकडे तिचे हात एकदम पोचतही नव्हते. बुवांनी तिला बसायला उशी दिली, कणीक कशी लावायची ते दाखवले आणि शिकवणी सुरू झाली.

पुढे एका एकादशीला देवळात हरिपाठाच्या वेळी बुवा येऊ शकले नाहीत. ही पखवाज ओढून बसली. माझ्या पोटात गोळा आला. मी २० वर्षे टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत उभा आहे. विणेकरी कितीदा म्हणाले, “माउली, एक चरण घ्या.” आवाज फाटेल, चार माणसांत हसे होईल, या धास्तीने मी कधी पुढे झालो नाही. त्या दिवशी तिचा ठेका दोनदा निसटला. ती थांबली नाही. टाळांकडे कान देऊन पुन्हा समेवर आली.

घरी येताना विचारले, “बाळा, भीती नाही वाटली?”

“बाबा, माझा हात चुकला तरी टाळ कुठे थांबतात? त्यांना धरून परत यायचं.”

हे उत्तर मनात रुतून बसले. मी एकट्या माझा आवाज तोलत बसलो होतो. तिने अख्खे भजन जमेस धरले होते. आपल्या भजनाची घडणच तशी आहे. एकाने चरण उचलायचा, बाकीच्यांनी झेलायचा. एकाचा सूर पडला, तरी पन्नास गळे तो वरच्या वर उचलून घेतात. पाय थकले तर दिंडी चालवत नेते, तसेच हे. ज्याच्या भरवशावर आपण पंढरीची वाट धरतो, त्याच्याच भरवशावर लेकरू पखवाजाला बसले. निर्भयपण म्हणतात ते हेच असावे: आपण एकटे नाही, ही खात्री.

यंदा आषाढीला जेजुरी ते वाल्हे या वाटेवर एक चरण मी घेणार, असे विणेकऱ्यांना सांगून ठेवले आहे. आवाज कदाचित फाटेल. झेलायला तुम्ही आहातच, माउली.