मालक आणि मुनीम

परंदवडीतील त्या दुकानात वहीपूजनाची तयारी झाली होती. पण नव्या संगणकावर हिशेबच उघडेना. राखीव प्रत डेस्कटॉपवर होती, तरी पडद्यावर एकच उत्तर येई : त्रुटी ५, प्रवेश नाकारला. शेठजी व्यथित झाले. गावाची वर्षभराची उधारी त्यातच होती. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

सुनेने शांतपणे कारण सांगितले, “पप्पा, मालक तुम्ही असलात तरी प्रत वाचणारा मुनीम वेगळा आहे. एसक्यूएल सर्व्हर स्वतःच्या सेवाखात्याने काम करतो आणि तुमच्या डेस्कटॉपवर त्याला प्रवेश नाही.”

“मग सर्वांनाच परवानगी देऊन टाक.”

“तिजोरी सताड उघडी ठेवण्यासारखेच ते होईल.”

तिने प्रत सर्व्हरच्या बॅकअप फोल्डरमध्ये ठेवली. ती हलवली नाही, कॉपी केली; हलवलेली फाइल बहुधा जुनेच अधिकार घेऊन येते. थोड्याच वेळात उधारीची पाने पडद्यावर उमटली.

शेठजींनी कुंकू लावण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले : दर महिन्याला प्रत उघडून पाहावी.