खिडकीवरचा पत्रा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची म्हणून पत्नीने काडीपेटी हातात घेतली आणि गॅसचा उग्र वास आला. काडी न ओढता तिने मला हाक मारली. दिव्याच्या बटणाला हात न लावता मी चाचपडत रेग्युलेटर बंद केला आणि मुलांना उठवून चाळीच्या ओट्यावर आणले. दार सताड उघडे टाकले, तरी वास जाईना.

जाणार कुठून? हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वारा खेळायला समोरासमोर वाट हवी. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच. तिची चौकट कुजली तेव्हा मालकांनी दुरुस्तीऐवजी पत्रा ठोकून दिला होता.

चूक आमचीही होती. नळीवरची मुदत कधीच उलटून गेलेली. कचेरीत दुसऱ्यांच्या कागदावरच्या तारखा तपासणारा मी, घरची नळी कधी वाचली नाही! नळी त्याच दिवशी बदलली. पत्र्याचे काय?

मालक समाजाचेच. पौर्णिमेला विहारात शेजारी बसणारे. म्हणाले, “टाकी तुमची, नळी तुमची, माझा काय संबंध?” मला लगेच उत्तर सुचले नाही.

उत्तर पुतणीकडून मिळाले. ती लेस्टरला शिकते, भाड्याच्या खोलीत राहते. फोनवर म्हणाली, “काका, इथं घरात शिरायच्या आधी मालकानं गॅस तपासल्याचा कागद हातात दिला.” तिकडे 1998 च्या नियमांनुसार मालकाने दर 12 महिन्यांनी नोंदणीकृत कारागिराकडून त्याची गॅसची उपकरणे आणि धूर जाण्याची वाट तपासून घ्यायची, आणि 28 दिवसांत त्याची नोंद भाडेकरूला द्यायची. भाडेकरूने स्वतः आणलेली शेगडी मात्र भाडेकरूने सांभाळायची. म्हणजे आमचे मालक अर्धे बरोबर होते. टाकी माझी, पण भिंत नि खिडकी त्यांची.

आपल्याकडे असा वार्षिक कागद मालकाकडे मागता येत नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चे कलम 14 आहे. वेगळा लेखी करार नसेल तर जागा दुरुस्त ठेवणे मालकाचे काम. लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवस थांबायचे. तरी झाले नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आमचे जुने भाडे एवढेसे, की त्या हिश्शात चौकटीचे लाकूडही येईना!

तरी नोटीस लिहिली. “आपल्याच माणसाला नोटीस?” असे चारजण म्हणाले. पत्नी म्हणाली, “त्या दिवशी काडी ओढली असती तर हीच माणसं शोकसभेला आली असती.” पाकीट पोस्टात टाकले.

बाराव्या दिवशी सुतार आला. खर्च मालकांनी केला. पुढच्या पौर्णिमेला विहारात ते दोन ओळी सोडून बसले. मी “जय भीम” म्हटले. जरा वेळाने त्यांनीही म्हटले, आणि विचारले, “खिडकी नीट लागते का?”