बुटातून आलेला पाहुणा



पतंग कोणाला माहीत नाही? पावसाळ्यात दिवा लावला की ते भोवती पिंगा घालतात आणि सकाळी उंबऱ्यात मरून पडतात. पतंग बोटाने धरला तर बोटाला पिठासारखी पूड लागते. गुरुजींनी सांगितले, की ती पूड नाही, ते पंखांवरचे बारीक खवले आहेत. घरावर कौले बसवतात तसे ते एकावर एक बसवलेले असतात. पंखांचा रंग त्यांच्यामुळेच दिसतो.

पण पतंगांचे एक कूळ असे आहे, की त्यातल्या बहुतेकांच्या पंखांच्या मोठ्या भागावर हे खवले नसतातच. पंख काचेसारखे, पलीकडचे दिसेल असे. म्हणून मी त्यांना काचपंखी म्हणते. शास्त्रात या कुळाला सेसिडी असे नाव आहे. जगात त्यांच्या सुमारे १,५०० जाती आहेत. हे पतंग दिवसा उडतात. अंगावर पिवळे-काळे पट्टे, कंबर बारीक. पाहणाऱ्याला वाटते, आली गांधीलमाशी! खरे म्हणजे त्यांना नांगी नसते. पण पक्ष्यांना ते कुठे ठाऊक? एकदा गांधीलमाशीचा प्रसाद मिळालेला पक्षी यांच्याही वाटेला जात नाही. दुबळ्याने बलवानाचे सोंग घ्यायचे आणि जीव वाचवायचा, ही युक्ती हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलातली फुलपाखरे पाहून १८६२ साली जगाला समजावून सांगितली.

आता खरी गोष्ट ऐका. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा प्रांत आहे. तिथे पोर्ट टॅलबट गावात एक आई आणि तिची मुलगी राहतात. त्यांना आपल्या घरातच एक वेगळाच किडा दिसला. असला किडा त्या भागात कोणी पाहिलेला नव्हता. मुलीला अशा गोष्टींचा अभ्यास होता. तिने फोटो काढून जाणकारांना दाखवले. प्रकरण लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात गेले. तिथल्या तज्ज्ञांनी त्या किड्याचा डीएनए तपासला, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिले. तो काचपंखी निघाला, आणि तोही कोणाच्याच यादीत नसलेला! २०२४ साली त्याचे बारसे झाले. नाव ठेवले कारमेंटा ब्रॅकिक्लाडॉस. नाव म्हणताना माझी जीभ दोनदा अडखळली.

पण हा पाहुणा आला कुठून? शोधाशोध केल्यावर आईच्या बूट ठेवायच्या पिशवीत कोशांची रिकामी टरफले सापडली. ती आई फोटो काढण्यासाठी दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात जाऊन आली होती. (क्रिकेटचे क्लाइव्ह लॉइड तिथलेच, असे आमचे आप्पा सांगतात.) बुटांच्या चिखलाबरोबर झाडाचा काही भाग आला होता. त्याचाही डीएनए तपासला, तेव्हा तो तिकडच्या मोरा नावाच्या मोठ्या झाडाचा निघाला. म्हणजे सुमारे ७,००० किलोमीटरचा प्रवास या पाहुण्याने बिनतिकीट केला!

ही गोष्ट मी घरी सांगितली, तर आजी म्हणाली, "अगं, किडा त्यो किडा. त्याचं कसलं आलंय बारसं? चपलेनं हाणायचा आन् मोकळं व्हायचं."

आप्पा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बुटातनं येतंय ते समदं चांगलंच असतंय असं न्हाई. आपला मका आठव."

मला आठवले. २०१९ साली मी पहिलीत होते. त्या साली आमच्या मक्याच्या पोंग्यात अळी शिरली. पानांना भोके पडली, पोंग्यात भुसा साचला. आप्पा रोज सकाळी रानात जायचे आणि न बोलता परत यायचे. निम्म्याहून जास्त मका गेला. त्या दिवाळीला आम्हाला नवे कपडे नव्हते. सुरुवातीला गावातले सगळे म्हणत, ही नेहमीचीच अळी. मग कृषी सहायक आले. त्यांनी अळी तळहातावर घेऊन दाखवली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. ती होती अमेरिकन लष्करी अळी. ती मूळची अमेरिका खंडातली, भारतात पहिल्यांदा दिसली २०१८ साली. ओळख पटली, तेव्हा उपाय कळला. पुढच्या वर्षी आप्पांनी उगवणीपासूनच पोंगे तपासले आणि मका हाती लागला.

मग मला वाटले, आजीचेही खोटे नाही आणि आप्पांचेही खोटे नाही. दुरून आलेला किडा पाहुणाही असेल, नाहीतर चोरही असेल. पण तो कोण, हे पाहिल्याशिवाय कसे कळणार? वेल्सच्या त्या मुलीने केरसुणी उचलली असती, तर एक जीव नावाशिवायच गेला असता. आणि कृषी सहायकांनी अळी नीट पाहिली नसती, तर आमचा पुढचाही मका गेला असता. दोन्हीकडे कामाला आले ते नीट बघणेच.

हे मी आजीला समजावले. ती म्हणाली, "बरं बाई, बघून मग हाणते." एवढे तरी पुष्कळ झाले!

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे. घरात किंवा रानात अनोळखी किडा दिसला, तर लगेच चप्पल उचलू नका. त्यावर काचेचा पेला पालथा घाला. पाय किती, पंख किती, पट्टे कसे ते वहीत लिहा, चित्र काढा आणि गुरुजींना दाखवा. पालकांनीही पिकावर नवीन अळी दिसली, तर कृषी सहायकांना दाखवावी. मात्र हात लावू नका. तो काचपंखी आहे की खरीच गांधीलमाशी, हे चावल्यावर कळून काय उपयोग?

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी