उसना दगड

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. आमचा किनारा म्हणजे उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी. उन्हाळ्यात पात्र उघडे पडले, की काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटून आलेले अकीक आणि गारगोट्या वाळूत चमकू लागतात. सहलीला नेलेले विद्यार्थी एखादा खडा पुढे करून विचारतात, “हा ठेवू का?” प्रश्न साधा आहे, उत्तर साधे नाही.

कायद्याच्या दृष्टीने नदीचे पात्र शासनाचे आहे. तसे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. पात्रातील वाळू आणि दगडगोटे ही गौण खनिजे, आणि परवान्याशिवाय त्यांचे उत्खनन करता येत नाही. अर्थात खिशातल्या एका खड्याचा पंचनामा करायला कोणी तलाठी येत नाही. परंतु “एवढ्याने काय होते?” हे वाक्य रात्री त्याच पात्रातून वाळू भरून नेणारा टिप्परवालाही म्हणू शकतो. प्रमाण बदलते, युक्तिवाद तोच राहतो.

दुसरे उत्तर पुरातत्त्वाचे. वरच्या अंगाला, नेवाशाला, प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. अश्मयुगातील माणसाने अकीक आणि त्याच्या जातीच्या दगडांची हत्यारे घडवली, हे त्या परिसराने दाखवून दिले. असा दगड आपल्या थरात असतो तोवर साक्षीदार असतो. उचलून खिशात टाकला, की तो केवळ सुंदर उरतो.

तिसरे उत्तर आम्हांला कोणत्याही ग्रंथालयात मिळाले नाही. वडिलांच्या दहनाच्या वेळी ज्या खड्याने मडके फोडले, तो जीवखडा आम्ही दहा दिवस घराबाहेर जपून ठेवला. दशक्रियेला पिंडाला कावळा शिवला आणि तो खडा पाण्यात सोडावा लागला. त्याहून प्रिय दगड आम्ही कधी हातात धरला नव्हता, आणि नेमका तोच ठेवून घेण्याची मुभा नव्हती. दगड उसना घ्यायचा असतो, हे परंपरेने शोकाच्या ऐन क्षणी आम्हांला शिकवले.

म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही ‘नको’ म्हणत नाही. खडा हातात घ्या, पाण्यात बुडवून त्याचा रंग पाहा, वहीत त्याचे वर्णन लिहा आणि जेथून उचलला तेथेच ठेवा. वर्णन तुमचे, दगड नदीचा.