पन्हळ

मृग 7 जूनच्या सुमारास लागतो, म्हणून मे संपायच्या आत भिंतीला शिडी लागतेच. कोकणातलं कौलारू घर, अंगणात फणस आणि आंबा. त्यांची पानं वर्षभर पन्हळीत साठतात, तळाला काळा गाळ होतो आणि त्यात पिंपळाचं बी रुजतं. आज सांध्यात वीतभर रोप सापडलं. मुळासकट काढलं, नुसतं खुडलं तर पुन्हा फुटतं.

पाइपच्या तोंडात आधी चिंधी कोंबायची, गाळ खुरप्यानं बादलीत भरायचा, मगच चिंधी काढून पाणी सोडायचं. घाईनं नळी मारली की सगळा गाळ पाइपच्या वळणात जाऊन बसतो. शेवटी उताराच्या वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून बघावं. जिथे ते थबकतं, तिथे पन्हळ वाकलेली असते.

100 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, आणि कोकणात एका दिवसात एवढा पाऊस नवलाचा नाही. वाट मिळाली नाही तर ते भिंतीत मुरतं, वाशांची टोकं कुजवतं. उघडीप पडल्यावर साचून राहिलं तर डेंग्यूचा डास साधारण आठवड्यात तयार होतो.

अंगणातल्या गटारावरची जाळी सिमेंटनं कायमची बसवू नका, उचलता यायला हवी. श्रावणात ऊन पडलं की पन्हळ पुन्हा एकदा पाहा. ओल्या कौलांवर मात्र चढू नका, आणि शिडी धरायला खाली माणूस हवाच.