हेतू आणि प्रयोजन

मम्मटाने काव्यहेतू आणि काव्यप्रयोजन यांची चर्चा वेगवेगळी केली, हे आपण वर्गात शिकवतो. कवीपाशी काय असावे लागते हा एक प्रश्न. तो कशासाठी लिहितो हा दुसरा. दहशतवादविरोधी कायद्यांतील व्याख्या वाचताना मला अशाच एका भेदाची गरज जाणवते. लोकांत भय पसरवण्याचा उद्देश वेगळा आणि त्या उद्देशाकडे माणसाला ढकलणारी प्रेरणा वेगळी.

ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्याने ही प्रेरणा व्याख्येतच घातली: कृत्य राजकीय, धार्मिक वा वैचारिक कार्यासाठी केलेले असावे. कॅनडाने २००१ मध्ये तसेच केले. आपल्या यूएपीएच्या कलम १५ मध्ये मात्र धर्माचा शब्द नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतील कलम ११३ मध्येही नाही.

शब्द नाही म्हणून तो खटल्यात नसतो, असे मात्र नव्हे. १९९४ मध्ये भुसावळच्या प्रकरणात बाबरी मशीद पाडल्याचा सूड घेण्याचा कट रचल्याच्या आरोपावरून मुस्लिम तरुणांना टाडाखाली अटक झाली. नाशिकच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना निर्दोष सोडले ते २०१९ मध्ये. धुळ्याहून आग्रा रस्त्याने थोडे पुढे गेले की मालेगाव. तेथील २००६ च्या स्फोटांत पकडलेले नऊ मुस्लिम २०१६ मध्ये दोषमुक्त झाले. त्याआधीच, २०१३ च्या आरोपपत्रात, दुसऱ्या धर्माची नावे आली होती. २००८ च्या स्फोटात सहा माणसे मेली; त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने निर्दोष ठरवले. या साऱ्या काळात गावोगावच्या चर्चेत आरोपी कोण यापेक्षा आरोपी कोणाचे, हाच प्रश्न मोठा होता.

प्रतिवाद हलका नाही. प्रेरणेची अट घातली की व्याख्या आकसते आणि सरकारपक्षाला अधिक काही सिद्ध करावे लागते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही अट वैध ठरवली. हे मान्य केले, तरी प्रश्न उरतो: धार्मिक प्रेरणा सिद्ध कशाने करणार? घरातल्या पुस्तकांनी, दाढीने वा टिळ्याने, प्रवचनाला लावलेल्या हजेरीने? ज्या समाजात संशय आधीच नावावरून सुरू होतो, तिथे ही अट आरोपीचे रक्षण करण्याऐवजी त्याच्या शेजाऱ्यालाही पिंजऱ्यात उभे करील.

शिवाय प्रेरणेचे दार आजही बंद नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ८ नुसार हेतू हा पुरावा म्हणून पुढे आणता येत असे. नव्या साक्ष्य अधिनियमातही ती सोय आहे. तिथे तो एका माणसाचा, एका कृत्यापुरता हेतू असतो आणि उलटतपासणीत तो टिकावा लागतो. व्याख्येत शिरला की तो साऱ्या पंथाचे विशेषण होतो.

कथेतल्या खुन्याचे मन उकलणे हे आपले, साहित्याच्या अभ्यासकांचे काम. तिथे श्रद्धेचा शोध कितीही खोल जावा. कायद्याने मात्र बाँब कोणी ठेवला हे आधी नीट शोधावे. मालेगावच्या मृतांना अजून तेवढेही उत्तर मिळालेले नाही.