रसद, व्हाया भंडारा

भंडारा हे नाव ऐकलं की आपली पहिली उडी थेट ‘भांडारा’वर जाते. कोठार, गोदाम, धान्याची पोती वगैरे. गावातले जुने लोक यावर हसतात. त्यांच्या मते नाव आलं पितळेच्या भांड्यांवरून, ज्यासाठी हे शहर आजही ओळखलं जातं. रतनपूरच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात ‘भानारा’ असा उल्लेख आहे, त्यामुळे गोदामाची थिअरी इथेच बाद.

गंमत अशी की, नावाचा अर्थ काहीही असो, गोदामाचं काम या पट्ट्याच्या नशिबी गेली दोनशे वर्षं आहेच. मी निघाले होते विदर्भातलं एखादं जुनं लष्करी कोठार बघायला. चार भिंती, गंजलेली तोफ, पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड, असं काहीतरी. प्रत्यक्षात सापडला एक अख्खा रस्ता.

सुरुवात नागपूरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवरच्या कामठीत. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. त्यानंतर 1821 साली इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी छावणी टाकली. ‘कॅम्प’ वरून कामठी, असं कामठीकर छातीठोकपणे सांगतात. छावणी अजून आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर इथलंच. पण 1821 मध्ये हा सगळा प्रकार आघाडीचा होता. पूर्वेला छत्तीसगडपर्यंत जंगल, रेल्वे नाही, पावसाळ्यात नद्या फुगल्या की रस्ताही नाही. अशा ठिकाणी हजारो माणसं, घोडे, बैल पोसायचे म्हणजे काय, याचा विचार करून बघा. आपल्याकडे ऑफिसात पिझ्झा अर्धा तास उशिरा आला तर काय होतं!

उत्तर होतं बंजारा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, सरदार असतात, तह असतात. बैलावर गोणी लादून चालणारा माणूस नसतो. मला हे कायम खटकत आलंय, कारण त्याच्याशिवाय एकही फौज चार मुक्काम पुढे गेली नसती. मुघल असोत, मराठे असोत किंवा 1803 मध्ये अडगाव आणि गाविलगडावर लढणारा वेलस्ली, धान्य आणि मीठ आणायला सगळ्यांना तांडेच लागायचे. हिशेब साधा होता. गाडीला रस्ता लागतो, लादलेल्या बैलाला पाऊलवाट पुरते. शिवाय तो वाटेत चरतो, म्हणजे त्याचा चारा वेगळा वाहायला नको. तांडा छावणीजवळ उतरला की बाजार भरायचा. दोन्ही बाजूंना माल विकण्याची मुभा असलेला हा बहुधा एकमेव व्यापारी! पुढे रेल्वे आली, तांड्यांचा धंदा बसला आणि 1871 च्या कायद्यानंतर इंग्रजांनी इतर अनेक भटक्या जमातींबरोबर बंजाऱ्यांवरही ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. ज्यांनी फौजा जगवल्या, त्यांना ही बक्षिशी.

माल कुठला? भंडाऱ्यातून बाहेर पडून थोडं आडवाटेला गेलात की उत्तर दिसतं. तलाव. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, एकाखाली एक, आणि त्यांच्याखाली भाताची खाचरं. कामठीत मद्रास फौजेच्या पलटणी असायच्या, म्हणजे भात खाणारी माणसं. भाताचा जिल्हा शेजारीच असणं हे इंग्रजांच्या पथ्यावर पडलं असणार, असं मला तरी वाटतं.

1880 च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे याच वाटेने धावू लागली. नंतर बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. भाताची पोती बैलावरून डब्यात गेली आणि कामठीचा घाऊक बाजार हळूहळू नागपूरकडे सरकला. सरहद्दही लांब गेली होती.

मग आलं 1962. चीनच्या युद्धात आपल्या जवानांकडे काय नव्हतं, हे अख्ख्या देशाला कळलं. त्यानंतर दारूगोळ्याचे कारखाने उभारले गेले ते सीमेपासून शक्य तितक्या लांब. नकाशावर बोट ठेवून बघा, सगळ्या सरहद्दींपासून लांब म्हणजे आपला विदर्भच! 1964 साली भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी सुरू झाली. इथे स्फोटकं आणि तोफेची दारू बनते. नागपूरला अंबाझरीत धातूचे सुटे भाग बनतात, भद्रावतीच्या निर्माणीत भरण्याचं काम होतं आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावला साठा. थोडक्यात, मला हवं असलेलं कोठार दीडशे-दोनशे किलोमीटरवर पसरलंय आणि ते चालू आहे. निळा बोर्ड लागायला अजून अवकाश आहे.

जवाहरनगर म्हणजे क्वार्टर्स, झाडं, शाळा, गेट आणि गेटवरचा पहारा. हायवेच्या टपरीवर मी विचारलं, “काका, कारखाना कुठे?”

“फॅक्टरी म्हना ताई. इथं कोनी कारखाना नाही म्हनत.”

24 जानेवारी 2025 ला सकाळी साडेदहाच्या सुमारास या फॅक्टरीत स्फोट झाला. इमारतीचं छत खाली आलं आणि त्या दिवशी 8 कर्मचारी गेले. पुलगावच्या डेपोत मे 2016 च्या अखेरीस आग लागली, तेव्हाही अधिकारी आणि अग्निशमनाचे जवान गेले होते. आपल्याकडे सीमेवरचा शहीद पटकन फ्रंट पेजवर येतो, आणि यायलाच हवा. पण सीमेपासून हजार किलोमीटरवर, सकाळी डबा घेऊन शिफ्टला गेलेला माणूस? तोसुद्धा रसदच पोचवत होता. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी बोर्ड बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. भंडारा गेलं पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे. पाटी बदलली. आतला माल तोच, आणि त्याला हात लावणारी माणसंही याच गावांतली.

काकांना मी त्या जानेवारीबद्दल विचारलं. त्यांनी स्टोव्ह जरा मोठा केला, म्हणाले, “आवाज आला. मंग सगळे गेटकडे पळाले.” पुढचं मी विचारलं नाही. तेवढ्यात शिफ्ट सुटली, बाईक्स आणि सायकली एकदम बाहेर पडल्या आणि काका कप मांडायला लागले.

जायचं असेल तर नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर, हायवे 53. रेल्वेने गेलात तर ‘भंडारा रोड’ला उतरा, पण ते स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे, पुढे ऑटो करावी लागते. फॅक्टरीच्या गेटवर मोबाईल खिशातच राहू द्या. फोटो काढायचेच तर तलावांचे काढा, पावसाळा संपता संपता, खाचरात भात उभा असताना. आणि परतताना कामठीत थांबून छावणीची बाजू सोडून जुन्या बाजारातून एक चक्कर मारा, धान्याची दुकानं अजून आहेत.